गावच्या म्युझियममधली एखादी वस्तू स्पॉन्सर करायचीय? कुठून सुरुवात करायची ते सांगतो

कोकणात आता बऱ्याच ठिकाणी छोटी छोटी म्युझियम उभी राहतायत. कुठे जुन्या शाळेच्या एका खोलीत, कुठे वाचनालयाच्या माडीवर, कुठे कुणाच्या तरी वाड्याच्या पडवीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत तर गुरांच्या गोठ्यात म्युझियम झालं, ठाकर आदिवासी कला आंगण, चित्रकथीच्या (चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या कलेच्या) पोथ्या आणि चामड्याच्या बाहुल्या तिथे बघायला मिळतात, आणि ते उभं करणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खाली गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोमीश यांचं गोवा चित्र आहे, तिथे शेतीची अवजारं, गाड्या, घरातल्या वापरायच्या वस्तू हजारोंनी जमवल्यात. ही दोन नावाजलेली झाली, पण त्यांच्या मागे कितीतरी निनावी खोल्या आहेत जिथे एक मास्तर, दोन रिटायर्ड माणसं आणि एक कुलूप एवढ्यावर सगळं चाललंय.

अशा ठिकाणी मुंबई-पुण्याहून किंवा बाहेरदेशातून कुणी गाववाला येतो, बघतो, भारावतो आणि विचारतो की मी काय करू शकतो. तर एक सोपा मार्ग म्हणजे एखादी वस्तू सांभाळायला घेणं. स्पॉन्सर म्हणा, दत्तक म्हणा. म्हणजे वस्तू म्युझियमचीच राहते, तुम्ही तिच्या साफसफाईचा, दुरुस्तीचा, पेटीचा, कपाटाचा, नोंदणीचा खर्च काही वर्षं उचलता. मालकी मिळत नाही, घरी न्यायला मिळत नाही, हे पहिल्यांदाच डोक्यात पक्कं करा.

आणि दुसरं, जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय: एकदाच मोठी रक्कम देऊन फोटो काढून जाण्यापेक्षा थोडी रक्कम पाच वर्षं सलग द्या. समुद्राकाठी वस्तू हळूहळू मरते, दरवर्षी थोडी थोडी, त्यामुळे तिला लागणारी मदतही दरवर्षीचीच असते.

आधी पावसात जाऊन या

मे महिन्यात म्युझियम बघून काही ठरवू नका. मे महिन्यात सगळंच छान दिसतं. जुलै-ऑगस्टमध्ये जा, नाहीच जमलं तर गणपतीला आलात की तेव्हा तरी जा. भिंतीला ओल किती वर चढलीय, कौलातून गळतंय का, कपाट उघडल्यावर कुबट वास येतो का, लाकडाखाली पिठासारखा भुगा पडलाय का (म्हणजे किडा जिवंत आहे), हे सगळं तेव्हाच कळतं.

थोडं शास्त्र सांगतो कारण पुढचे सगळे निर्णय यावर आहेत. खारा वारा मिठाचे बारीक कण घेऊन येतो आणि ते प्रत्येक वस्तूवर बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं, म्हणजे तुमच्या होडीच्या लोखंडी नांगरावर किंवा पितळी समईवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर कायम बसलेला असतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते. बुरशीला तर ६५-७० टक्के सुद्धा पुरतात. त्यामुळे एखाद्या वेळी सगळ्यात चांगली स्पॉन्सरशिप म्हणजे वस्तू सोडून त्या खोलीची कौलं शाकारून देणं ही असू शकते, आणि म्युझियमवाल्यांनी तसं सांगितलं तर वाईट वाटून घेऊ नका, गळक्या छपराखाली एक वस्तू चकचकीत करून काय उपयोग.

म्युझियम नक्की कुणाचं आहे?

हे विचारायला लोक लाजतात. लाजू नका, चांगली माणसं उलट खूश होतात की कुणीतरी नीट विचारतंय. ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा रजिस्ट्रेशन नंबर मागा, ऑडिट होतं का विचारा. वाचनालयाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत असेल तर खोली किती वर्षांसाठी दिलीय त्याचा कागद आहे का बघा. एखाद्या कुटुंबाचा खाजगी संग्रह असेल तर त्यात वाईट काही नाही, बरेच चांगले संग्रह तसेच सुरू झाले, पण तुमचे पैसे मग खाजगी मालमत्तेवर जाणार आहेत आणि उद्या भावाभावांत वाटण्या झाल्या तर ती वस्तू कुठे जाईल याचं उत्तर आधी मिळायला हवं.

मग नोंदवही बघायला मागा. ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात तिला. प्रत्येक वस्तूला नंबर, कुणी दिली, कधी दिली, दान म्हणून की ठेवायला म्हणून, मोजमाप, फोटो. ही वही नसेल तर मी सरळ सांगेन की पहिलं वर्ष वस्तू घेऊच नका, वहीच स्पॉन्सर करा! गावातली कॉलेजची दोन मुलं, एक बरा कॅमेरा किंवा मोबाईल, मोजपट्टी, पेन्सिल आणि दिवाळीची सुट्टी एवढ्यात छोट्या संग्रहाची नोंद होऊ शकते, मुलांना मानधन द्या. ज्या वस्तूची नोंद नाही ती हरवली तर हरवली हे सुद्धा कुणाला कळत नाही.

ठेवायला दिलेल्या वस्तूंच्या बाबतीत जास्त जपून. घरवाल्यांनी फक्त दाखवायला दिलेली समई तुमच्या पैशाने दुरुस्त झाली आणि दोन महिन्यांनी त्यांनी परत नेली, तर कायद्याने ते बरोबरच आहेत.

कुठली वस्तू निवडायची

सगळ्यांना तलवार हवी असते. नाहीतर तोफगोळा, शिवकालीन नाणं. सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग जवळ असल्यामुळे तसं वाटणं साहजिक आहे. पण तलवारीला स्पॉन्सर कधी ना कधी मिळतोच. मिळत नाही तो जाळं विणायच्या सुईला, धान्य मोजायच्या पायलीला आणि अधोलीला, रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) हिशोबाच्या वहीला, व्हायनीला (दगडी उखळाला), दशावताराच्या फाटक्या अंगरख्याला. आणि इतिहास म्हणाल तर या वस्तूंतच आपल्या गावाचा जास्त आहे, कारण तलवारी बऱ्याच ठिकाणी सारख्याच मिळतील पण तुमच्या वाडीत रापण कशी ओढायचे, वाटे कसे पाडायचे, ते सांगणारी वही तुमच्याच वाडीत असणार.

निवडताना वस्तू कशाची बनलीय ते बघा, खर्च आणि काळजी त्यावर ठरते.

लोखंड. होडीचे नांगर, गळ, खिळे, विळे. समुद्रातून वर काढलेलं लोखंड असेल तर आतपर्यंत मीठ मुरलेलं असतं. नुसता गंज घासून रंग मारला तर वर्षभरात पापुद्रे सुटायला लागतात. मीठ बाहेर काढायला अल्कलीच्या पाण्यात महिनोन् महिने भिजवत ठेवून पाणी बदलत राहावं लागतं, मोठ्या नांगराला वर्षंही लागतात, आणि हे काम जाणकाराचंच आहे. तुमच्याकडे एकाच वर्षाचं बजेट असेल तर समुद्रातला नांगर घेऊ नका.

तांबं-पितळ-कासं. घंगाळ, ताम्हण, समई, होकायंत्र. यावर फिकट हिरवी भुकटी ठिपक्या-ठिपक्यांनी दिसली तर तो मिठाचा रोग आहे, पसरतो, अशा वस्तूला कोरडी बंद पेटी लागते, आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली. आणि हात जोडून सांगतो, चिंच, लिंबू, राख, पॉलिश काही लावू नका. आपल्याला भांडं लखलखीत दिसलं की बरं वाटतं पण प्रत्येक घासणीला वरचं नक्षीकाम आणि कोरलेली नावं झिजतात, आणि जुन्या भांड्यावरचं ते नाव हाच बरेचदा एकमेव पुरावा असतो की हे कुणाच्या लग्नातलं.

लाकूड. होड्या, वल्ही, जुनी दारं, सावंतवाडीची लाखकामाची खेळणी. होडी वापरात असताना तिला माशाचं तेल किंवा काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत, ती समुद्रात बरोबर होती, पण म्युझियममध्ये तेलावर धूळ बसून चिकट काळा थर होतो. दक्षिण कोकणात आणि गोव्यात खिळे न वापरता काथ्याने शिवलेल्या होड्या असायच्या, तशी एखादी जर संग्रहात असेल तर दुसरं काही बघू नका, तीच घ्या, आणि काथ्या तुटलाय म्हणून नायलॉन दोरीने शिवायला देऊ नका. शिवण कशी घातलीय हीच त्या होडीची खरी माहिती आहे.

कापड आणि जाळी. जुनी सुताची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढत, नायलॉन आल्यावर ती बंद झाली, त्यामुळे सुताचं अखंड जाळं आता फार कमी ठिकाणी उरलंय. भिंतीवर खिळ्याला टांगलेलं जाळं स्वतःच्या वजनाने फाटतं. त्याला आडवं पसरून किंवा रुळावर गुंडाळून ठेवायची सोय करून द्या. कपड्यांचंही तेच, शिवाय उजेड. कापडावर आणि रंगीत कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड पडू नये म्हणतात, म्हणजे डोळ्यांना थोडं अंधारंच वाटेल इतपत. खिडकीला यूव्ही फिल्म आणि जाड पडदा, हा स्वस्तात होणारा आणि फार उपयोगी खर्च आहे.

कागद. चित्रकथी, मोडीतले कागद, पोथ्या, गंजिफा (हाताने रंगवलेले जुने गोल पत्ते). गंजिफाचा दशावतारी जोड पूर्ण असेल तर १२० पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा, मोजून घ्या आणि किती आहेत ते लिहून ठेवा. कागदाचं लॅमिनेशन कधीही करू नका. आधी स्कॅन, मग ॲसिड-फ्री कागदात आणि डब्यात. मोडी वाचणारा माणूस शोधून त्याला मानधन देणं ही सुद्धा एक सुंदर स्पॉन्सरशिप आहे, कुणी तिचा विचार करत नाही.

कपाटाबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो कारण ती कुणाला माहीत नसते. देणगीदार हौसेने नवीन प्लायवूडचं काचेचं कपाट करून देतात. प्लाय आणि एमडीएफमधून ॲसिडची वाफ निघत राहते, बंद कपाटात ती साठते आणि जाळ्याची शिशाची वजनं, शिंपले, शंख यांच्यावर पांढरी भुकटी येऊन ती अक्षरशः झडायला लागतात. पावडर कोटिंग केलेलं स्टील किंवा ॲल्युमिनियम आणि काच घ्या. आत सिलिका जेल ठेवा, नारंगी रंगाचं मिळतं जे ओलं झालं की हिरवं होतं, मग ११०-१२० डिग्रीला ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतं. सोबत एक आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र, त्याचा आकडा रोज वहीत लिहायला सांगा.

ज्यांना हात लावू नका

किनाऱ्यावरच्या म्युझियममध्ये देवमाशाचं हाड, पोवळ्याचे खडक, कासवाची पाठ, करवत माशाची करवत हे हमखास असतं. कुणाच्या तरी आजोबांनी आणून दिलेलं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात देवमासे, समुद्री कासवं, पोवळी, करवत मासे, शिवाय काही जातींचे शंख-शिंपले येतात, त्यामुळे कागदपत्र नसताना ते बाळगणं, देणं-घेणं, पैसे लावणं सगळंच अडचणीचं. म्युझियमला आधी वनखात्याशी बोलू द्या. तुम्ही स्वतः किनाऱ्यावर सापडलेलं आणून देऊ तर अजिबात नका.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांचंही तसंच, दहा रुपयांच्या वर किमतीचं गाडलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायला लागतं, कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. शंभर वर्षांच्या वरच्या वस्तू (हस्तलिखितं असतील तर ७५) पुरावशेष धरल्या जातात, त्यातल्या मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची भारतीय पुरातत्त्व खात्याकडे नोंदणी लागते. देवळातली जुनी मूर्ती, विरगळ (वीराच्या आठवणीचा कोरीव दगड) वगैरे स्पॉन्सर करायच्या आधी ही नोंदणी झालीय का विचारा, आणि गावकऱ्यांची आणि मानकऱ्यांची संमती आहे का ते तर आधी.

पैसे देताना

आधी वस्तूचा कंडिशन रिपोर्ट करून घ्या. साधा असला तरी चालेल, चारी बाजूंनी फोटो, कुठे तडा, कुठे गंज, तारीख. वस्तू नाजूक असेल तर तज्ज्ञ बोलवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत, तिथे विचारणा करता येते. तज्ज्ञाचा प्रवासखर्च तुम्ही उचललात तर तो एकाच फेरीत बाकीच्या वस्तूही बघून जातो.

मग एक पानाचं पत्र. मराठीत, साध्या भाषेत. कुठली वस्तू, नंबर काय, किती वर्षं, दर वर्षी किती, त्यात काय काय येतं, पाटीवर काय लिहायचं, वस्तू चोरीला गेली किंवा म्युझियम बंद पडलं तर काय, आणि तुमचे उरलेले पैसे दुसऱ्या वस्तूला वापरले तर चालतील का. या शेवटच्या प्रश्नाला हो म्हणा अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण छोट्या म्युझियमचं अर्धं दुखणं हेच की तलवारीच्या नावाने पैसे पडून आहेत आणि लाइट बिल भरायला नाहीत.

पैसे संस्थेच्या खात्यावरच, पावती घेऊन. टॅक्समध्ये सूट हवी असेल तर संस्थेला ८०जी म्हणतात ती मान्यता आहे का ते बघा, रोख दोन हजारांच्या वर दिलेत तर सूट मिळत नाही, वस्तू रूपाने दिलेल्या देणगीला मिळत नाही, आणि तुम्ही नवीन टॅक्स रेजीम घेतली असेल तर हा विषयच संपला. कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या पैशातून) द्यायचं असेल तर वारसा आणि कला त्यात बसतं, पण संस्थेची सीएसआर-वन नोंदणी लागते.

दुबई, लंडन, न्यू जर्सीवाल्यांसाठी. तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर बँकेमार्फत पाठवलेले स्वतःचे पैसे विदेशी देणगी धरत नाहीत. पण नागरिकत्व बदललं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असेल, तर संस्थेकडे एफसीआरए म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन आणि दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं त्यासाठीचं खातं असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. गावच्या म्युझियमकडे हे बहुतेक नसतंच. "भावाच्या खात्यावर टाकतो, तो देईल" हा रस्ता नको, त्यात तुमचं नाही, त्या मास्तरांचं नुकसान होतं. त्यापेक्षा वेळ द्या, स्कॅन केलेल्या कागदांची यादी करा, इंग्रजी पाट्या लिहून द्या.

पाटीवर काय लिहायचं

आपल्याकडे देवळातल्या पंख्यालाही "यांच्या स्मरणार्थ" असतं, ती चांगली रीत आहे, आई-वडिलांच्या नावाने काहीतरी राहावं असं वाटणारच. फक्त क्रम नीट ठेवा. वर वस्तूचं गावातलं नाव, मग ती कुणाच्या घरातली आणि कशाला वापरायचे, आणि खाली बारीक अक्षरात देखभाल सौजन्य म्हणून तुमचं. वस्तूवर स्टिकर नाही, रंगाने नंबर नाही, भोक पाडून पाटी तर नाहीच.

गोष्ट गोळा करा, हे तुमचंच काम

याला पैसे लागत नाहीत आणि हे सगळ्यात तातडीचं आहे. वस्तू निवडली की ती वापरलेली माणसं शोधा. एखाद्या काकींकडे जाऊन बसा, पहिल्यांदा "ह्यां आमच्या आज्याचा, तुमका कित्याक होया" असंच ऐकू येईल, बसून राहा, चहा घ्या, दुसऱ्या खेपेला वस्तूचा फोटो दाखवा. मोबाईलवर रेकॉर्ड करायला आधी परवानगी घ्या. मालवणीत, कोळी बोलीत, जशी असेल तशी ठेवा, प्रमाण मराठीत करायला जाऊ नका. विचारायचं काय? ही कुणी बनवली, लाकूड कुठलं, कुठल्या महिन्यात वापरायचे, बायका वापरायच्या की पुरुष, मोडली तर कोण दुरुस्त करायचं, वापरणं कधी थांबलं आणि का. वल्ह्याच्या प्रत्येक भागाला नाव असतं, जाळ्याच्या प्रत्येक दोरीला असतं, ती नावं लिहून घ्या. रेकॉर्डिंगची एक कॉपी म्युझियमला, एक त्या घरच्यांना द्या, आणि फाइलच्या नावात वस्तूचा नंबर टाका म्हणजे दहा वर्षांनी सुद्धा सापडेल. एक विनंती, हे पुढच्या मेवर ढकलू नका, सुताचं जाळं हाताने विणलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत.

पुढची वर्षं

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरला की, त्याच कोनातून काढलेले चार फोटो आणि आर्द्रतेच्या वहीचे फोटो मागवा. जुन्या फोटोशेजारी ठेवून बघा. काही बदल दिसला तर रागावून फोन करू नका, काय लागेल ते विचारा. एकट्याला झेपत नसेल तर शाळेची बॅच मिळून एक वस्तू घ्या, तसं केलं की कुणी एक जण मागे पडला तरी साखळी तुटत नाही, फक्त म्युझियमशी बोलायला एकच माणूस नेमा, पंचवीस जणांचे पंचवीस मेसेज त्या मास्तरांना नकोत. आणि थांबायचं ठरलं तर एक पावसाळा आधी कळवा, म्हणजे त्यांना दुसरं कुणी शोधायला वेळ मिळतो.